दोन टक्क्यांचा डिसेंबर

2020 च्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पुण्यातल्या एका दुय्यम निबंधक कार्यालयाला लागून माझा गाळा आहे. खरेदीखत, साठेखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, भाडेकरार असे दस्त तयार करायचे, संगणकावर माहिती भरायची, चलन काढून द्यायचं, पक्षकारांना आणि ओळखदारांना नोंदणीला उभं करायचं, हे काम मी सत्तावीस वर्षं करते आहे. एवढ्या वर्षांत तशी गर्दी मी पाहिली नव्हती. तोंडाला मास्क लावलेली माणसं सकाळी साडेसातलाच जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसायची. अंगठ्याच्या यंत्राशेजारी सॅनिटायझरची बाटली, दर माणसामागे एक फवारा. सर्व्हर अडकला की अख्खा जिना गप्प व्हायचा आणि सुरू झाला की कोणीतरी मोठ्याने नंबर पुकारायचं.

सगळ्यांना घाई होती ती 31 तारखेची. करोनाच्या पहिल्या लाटेनंतर घरांचा बाजार ठप्प झाला होता, म्हणून राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात सूट दिली होती. 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 पर्यंत तीन टक्के सूट, आणि पुढे 1 जानेवारी ते 31 मार्च 2021 पर्यंत दोन टक्के. मुंबईत पाच टक्क्यांचं शुल्क दोनवर आलं.

त्या आठवड्यात माझ्याकडे हडपसरहून एक जोडपं आलं होतं. तो एका कारखान्यात सुपरवायझर, ती बालवाडीत शिकवणारी. 60 लाखांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. खरं म्हणजे त्यांचा विचार पाडव्यानंतर घ्यायचा होता. पण तीन टक्के म्हणजे 1 लाख 80 हजार रुपये. ज्याने घर घेतलंय त्याला हे पैसे कसे बोचतात ते ठाऊक असतं. बँक कर्ज देते ते घराच्या किमतीवर. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी खिशातून भरावी लागते, रोख, एकदम, त्याच दिवशी. त्या बाईंनी आईने दिलेल्या पाटल्या मोडायचं ठरवलं होतं. सूट मिळाली आणि पाटल्या राहिल्या. चलनाची पावती हातात घेताना त्यांनी मला विचारलं, "ताई, पण सरकारला हे परवडतं कसं?"

मी काही बोलायच्या आत त्यांचे यजमान म्हणाले, "अगं, कर कमी केला की लोक जास्त घरं घेतात. सरकारचं उत्पन्न उलट वाढतंच."

मी गप्प राहिले, कारण मला खरंच माहीत नव्हतं. समोर गर्दी तर दिसत होती. ती गर्दीच त्या म्हणण्याचा पुरावा वाटत होती. पण माझे वडील भोरला तहसील कचेरीच्या आवारात स्टँपव्हेंडर होते. दिवस मोठा गेला की ते घरी येऊन म्हणायचे, आजची पेटी बघून खूश होऊ नका, वर्षाचं रजिस्टर लागलं की बघू. त्या बाईंचा प्रश्न डोक्यात राहिला. पुढच्या दोन-तीन वर्षांत मी त्याचा पाठपुरावा केला. अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण कर भरणाऱ्या माणसाच्या समोर बसून माझं आयुष्य गेलं आहे, आणि बेरीज-वजाबाकी मला येते.

आधी मुंबईचं बघू, कारण तिथले महिन्या-महिन्याचे आकडे उघडपणे छापून येतात. 2019 च्या डिसेंबरात मुंबईत सुमारे 6,400 घरांची नोंदणी झाली होती. 2020 च्या डिसेंबरात ती साडेएकोणीस हजारांवर गेली. तिपटीहून जास्त. वर्तमानपत्रांत विक्रमाच्या बातम्या आल्या, आणि त्या खऱ्याच होत्या. पण 2019 च्या त्या डिसेंबरात मुंबईतला दर मेट्रोचा एक टक्का धरून सहा टक्के होता. 2020 च्या एप्रिलपासून तो एक टक्का माफ झाला, आणि सप्टेंबरपासून उरलेल्या पाचाचे दोन झाले. सहाचे दोन म्हणजे एक तृतीयांश. सरकारच्या तिजोरीत तेवढेच पैसे यायला घरं तिप्पट विकली जायला हवीत. ती तिप्पटच विकली गेली. म्हणजे एवढ्या विक्रमी गर्दीच्या महिन्यातही, घरांची सरासरी किंमत तीच धरली तर, हिशेब जेमतेम जुन्या रकमेच्या आसपास येतो. प्रत्यक्षात फरक पडेल, कारण शुल्क डिसेंबरात भरून नोंदणीला पुढचे चार महिने मिळत होते आणि पुष्कळांनी तसं केलं. माझ्याकडेच डिसेंबरच्या चलनांचे दस्त मार्चपर्यंत येत होते. तरीही बातम्यांतला विक्रम घरांच्या संख्येचा होता.

आता वर्षाचं रजिस्टर. 2019-20 मध्ये राज्याला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीतून सुमारे 29 हजार कोटी रुपये मिळाले. 2020-21 मध्ये, म्हणजे सवलतीच्या वर्षात, साडेपंचवीस हजार कोटींच्या आसपास. साडेतीन हजार कोटी कमी. यातला सगळा दोष सवलतीला देणं अन्यायाचं होईल. एप्रिल-मे 2020 मध्ये आमचं कार्यालय बंदच होतं, माझ्या गाळ्याचं शटर दोन महिने उघडलं नव्हतं. त्यापुढचं वर्ष जास्त बोलकं आहे. 1 एप्रिल 2021 पासून सूट संपली, दर पूर्ववत झाले, आणि 2021-22 चं उत्पन्न 35 हजार कोटींच्या वर गेलं. कर कमी केल्याने उत्पन्न वाढतं हा जर नियम असता, तर दर परत वाढवल्यावर ते पडायला हवं होतं. ते चढलं. कारण त्या वर्षी गृहकर्जाचे व्याजदर सात टक्क्यांच्या आत आले होते, घरून काम करणाऱ्यांना एक खोली जास्त हवी होती, आणि बांधकाम अधिमूल्यात (प्रीमियममध्ये) 50 टक्के सवलत घेणाऱ्या बिल्डरांनी ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं अशी अट सरकारने घातली होती. बाजाराला चालवणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात, कर ही त्यातली एक.

मग डिसेंबरातली ती गर्दी कसली होती? माझ्या डायरीत त्याचं उत्तर आहे. हडपसरच्या जोडप्यासारखी माणसं. पाडव्याला घेणारे होते ते डिसेंबरात आले. अक्षय्य तृतीयेला घेणारे मार्चमध्ये आले. घर ते घेणारच होते, तारीख अलीकडे आली. मुंबईत मे 2021 मध्ये नोंदणी साडेपाच हजारांच्या आत आली होती. त्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेचा वाटा मोठा होता, हे खरं. पण एरवी मे महिन्यात जे माझ्याकडे आले असते, त्यांतल्या कित्येकांचे दस्त तेव्हा नोंदवून झालेले होते.

सूट चुकीची होती असं मी म्हणत नाही. मला तर ती योग्यच वाटली. बंद पडलेल्या साइटवर सेंट्रिंगचं काम पुन्हा सुरू झालं, बिल्डरकडे पडून राहिलेले फ्लॅट गेले, फरशीवाल्याला, प्लंबरला, सुताराला काम मिळालं. गावी परतलेले मजूर त्या हिवाळ्यात पुन्हा पुण्यात दिसू लागले. संकटात सरकारने बाजाराला हात दिला, त्याची किंमत मोजली, हे चांगलंच झालं. पण ती किंमत होती. ती मोजलीच नाही, उलट फायदा झाला, असं सांगणं खोटं आहे, आणि खोट्या हिशेबावर पुढचे निर्णय होतात म्हणून मला त्याची काळजी वाटते.

तरीही कर कमी केल्याने उत्पन्न वाढतं, ही गोष्ट कधीच खरी नसते असंही नाही. ती कधी खरी असते हे समजायला थोडं मागे जावं लागतं, आणि त्या गोष्टीत एक मराठी माणूसच मध्यभागी आहे.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आयकराचा सर्वोच्च दर अधिभार धरून 97.75 टक्के होता. 2 लाखांच्या वरच्या उत्पन्नावर, शंभर रुपये मिळवले की माणसाच्या हातात सव्वादोन रुपये उरायचे. वर संपत्तीकर वेगळा. एवढा कर कोण भरणार? कच्ची वही वेगळी, पक्की वही वेगळी, हे त्या काळात व्यापाराचं व्याकरण झालं. काळ्या पैशाचा अभ्यास करायला नेमलेल्या न्यायमूर्ती वांछू समितीने 1971 च्या शेवटी अहवाल दिला आणि सांगितलं की इतका चढा दर हेच कर चुकवण्याचं मोठं कारण आहे, तो 75 टक्क्यांवर आणा. तेव्हा अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. 1974-75 च्या अर्थसंकल्पात त्यांनी हा दर 77 टक्क्यांवर आणला. नंतर सी. सुब्रमण्यम यांनी तो 66 केला, 1985 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांनी 50.

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण सगळी गोम या हिशेबात आहे.

97.75 चे 77 केले तेव्हा सरकारने आपला वाटा साधारण एक पंचमांशाने कमी केला. कमावणाऱ्याच्या हातात मात्र सव्वादोन रुपयांऐवजी 23 रुपये उरू लागले. दहापट. दहापट हा फरक माणसाचं वागणं बदलणारा आहे. लपवायचं कारण कमी होतं, आणखी मेहनत करायचं कारण वाढतं. आता समजा 30 टक्क्यांचा दर 25 केला. सरकारने आपला वाटा सोडला तो सहावा भाग, म्हणजे जवळपास मघाइतकाच. कमावणाऱ्याच्या हातात 70 ऐवजी 75. फरक सात टक्क्यांचा. सात टक्क्यांसाठी कोणी आपलं सगळं वागणं बदलत नाही. आणि त्या डिसेंबरात मुंबईत काय झालं? पाचाचे दोन म्हणजे सरकारने स्वतःच्या उत्पन्नातले 60 टक्के सोडले; घेणाऱ्याला घर पडलं 105 ऐवजी 102 ला, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी स्वस्त. लोक धावले ते मुदतीमुळे. आणि ती बचत खिशातल्या रोकडीतली होती म्हणून.

कर किती उंचावरून खाली आणता, यावर सगळं अवलंबून आहे. शिडीच्या अगदी वरच्या पायरीवरून उतरलात तर उत्पन्न वाढू शकतं. खालच्या पायरीवरून उतरलात तर ते घटतं.

हा विचार जगभर ओळखला जातो तो अमेरिकन अर्थतज्ज्ञ आर्थर लॅफर यांच्या नावाने. 1974 मध्येच, म्हणजे यशवंतरावांनी दर कमी केला त्याच वर्षी, वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात जेवताना लॅफर यांनी नॅपकिनवर एक वक्ररेषा काढून दाखवली, अशी कथा सांगतात. शून्य टक्के कराला सरकारला काही मिळत नाही, शंभर टक्के कराला कोणी कमावणारच नाही म्हणून तेव्हाही काही मिळत नाही. मध्ये कुठेतरी शिखर आहे. हे म्हणणं नवीन नव्हतं. चौदाव्या शतकात इब्न खल्दून या अरब विद्वानाने हेच लिहून ठेवलं होतं, आणि लॅफर यांनी स्वतः त्याचं श्रेय त्याला दिलं आहे. रेषा बरोबरच आहे. शिखर नेमकं कुठे हे मात्र ती रेषा सांगत नाही, आणि राजकारणी माणूस नेहमी असंच धरून चालतो की आपण शिखराच्या पलीकडे उभे आहोत.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने हे करून पाहिलं. 2012 मध्ये गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी आयकराचे दर कमी केले आणि अनेक छोट्या व्यवसायांचं उत्पन्न करमुक्तच केलं. वाढ होईल, तूट भरून निघेल, असं सांगितलं गेलं. तूट भरली नाही. रस्त्यांसाठीचा निधी वळवावा लागला, शाळांच्या पैशांवरून राज्याविरुद्ध न्यायालयात खटला चालू होता. आणि 2017 मध्ये ब्राउनबॅक यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार मोडून काढून बरेचसे कर परत लावले.

आपल्याकडचं 1997 वेगळं आहे, आणि मला त्याचं महत्त्व जास्त वाटतं. त्या वर्षी फेब्रुवारीत तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी आयकराचे 10, 20 आणि 30 टक्के असे तीन दर ठेवले. सर्वोच्च दर 40 वरून 30 झाला. त्याला 'ड्रीम बजेट' म्हणतात. पहिल्या वर्षी वसुली खाली आली, सुमारे 18 हजार कोटींवरून 17 हजारांवर. 1998-99 मध्ये ती 20 हजार कोटींच्या वर गेली आणि पुढे चढत राहिली. दर कमी केल्याचा विजय म्हणून हे उदाहरण हमखास दिलं जातं. पण त्याच काळात काय काय झालं ते आमच्या पिढीला आठवतं. घरात टेलिफोन आहे, दारात मोटार आहे, परदेशी जाऊन आलात, तर विवरणपत्र भरायलाच हवं, अशी अट आली. पुढे ती 'वन बाय सिक्स' म्हणून घराघरांत ओळखली जायची. मला आठवतं, त्या वर्षी आमच्या बाजूच्या कर सल्लागाराच्या दारात फोनचं बिल हातात घेऊन लोक उभे असायचे. पॅन क्रमांक सार्वत्रिक होत गेला, उगमातच करकपात वाढली, आणि पुढच्या दशकात देशाची अर्थव्यवस्था वेगाने वाढली. दर सोसवेल असा झाला आणि त्याच वेळी पळवाटाही बुजवल्या गेल्या. दोन्ही हातांनी काम झालं.

माझ्या क्षेत्रातही हेच घडलेलं आहे. वडिलांच्या काळात जमिनीचा व्यवहार लिहायचा एक आणि द्यायचा एक, ही उघड रीत होती. कागदावर 40 हजार, पिशवीत 60 हजार. देशातल्या कित्येक राज्यांत मुद्रांक शुल्क 10 टक्के किंवा त्याहून जास्त होतं. लोक खरेदीखत न करता कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार भागवायचे, दहा-दहा वर्षं नुसत्या साठेखतावर ताबा ठेवायचे. मग पंचवीस-तीस वर्षांनी वारसांची भांडणं घेऊन तीच कागदपत्रं माझ्या टेबलावर यायची. 2005 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत राज्यांना अट घातली गेली की मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांपर्यंत खाली आणा. त्याच दशकात आमच्याकडे दस्तनोंदणी संगणकावर गेली, आणि दरवर्षी निघणाऱ्या रेडी रेकनरमधल्या सरकारी दरापेक्षा कमी किंमत दाखवली तरी शुल्क रेडी रेकनरवरच लागायचं हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. आज माझ्यासमोर कोणी कागदावर अर्धी किंमत लिहा म्हणत नाही, असं मी म्हणणार नाही. पण पूर्वीइतकं ते सोपं उरलेलं नाही.

वाढीचं काय? कर कमी केला की उद्योग वाढतात का? या प्रश्नावरचा एक मोठा प्रयोग आपल्या शेजारी, गोव्यात जाहीर झाला. 20 सप्टेंबर 2019 रोजी वस्तू आणि सेवा कर परिषदेच्या बैठकीसाठी गोव्यात असलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनी कराचा दर 30 वरून 22 टक्के केला. नव्या उत्पादक कंपन्यांना 15. सरकारनेच सांगितलं की यासाठी वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी सोडावे लागतील. त्या दिवशी सेन्सेक्स 1,900 अंशांहून जास्त उसळला.

2018-19 मध्ये कंपनी कराची वसुली 6 लाख 63 हजार कोटी होती. 2019-20 मध्ये ती 5 लाख 57 हजार कोटींवर आली, आणि करोनाच्या वर्षी आणखी खाली. 2021-22 मध्ये ती 7 लाख 12 हजार कोटी झाली, 2023-24 मध्ये 9 लाख 11 हजार कोटी. ज्यांना कपातीचं यश सांगायचं आहे ते शेवटचा आकडा सांगतात. पण तेवढ्या काळात महागाई वाढली, अर्थव्यवस्था वाढली, कंपन्यांचे नफे तर विक्रमी वाढले. आणि याच काळात एक गोष्ट घडली जिच्याकडे फार थोड्यांनी लक्ष दिलं: 2023-24 पर्यंत तुमच्या-माझ्यासारख्या व्यक्तींनी भरलेला आयकर कंपन्यांनी भरलेल्या करापेक्षा जास्त झालेला होता. वसुलीचा भार कोणाच्या खांद्यावरून कोणाच्या खांद्यावर सरकला ते यावरून दिसतं.

माझ्या मावसभावाचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी मशीन, नऊ कामगार, गाड्यांच्या कंपन्यांना सुटे भाग करून देतो. त्या कपातीची बातमी आली तेव्हा मी त्याला फोन करून अभिनंदन केलं. तो म्हणाला, "ताई, माझी भागीदारी फर्म आहे. मला 30 टक्केच." ती कपात फक्त कंपन्यांसाठी होती, भागीदारी फर्मसाठी नव्हती. मी विचारलं, समजा तुलाही मिळाली असती, तर तिसरं मशीन घेतलं असतंस का? तो म्हणाला, "ऑर्डर आहे का, एवढंच बघून मी मशीन घेतो. ऑर्डर असेल तर 30 टक्के भरूनही घेईन. नसेल तर कर शून्य केला तरी घेऊन काय करू?" 2019-20 मध्ये गाड्यांचा खप घसरलेला होता. त्याचं एक मशीन आठवड्यातले तीन दिवस बंद असायचं.

वाढीबद्दल मी जे काही वाचलं, त्यात मला त्याच्या या वाक्याइतकं स्पष्ट काही सापडलं नाही. गिऱ्हाईक असेल, रस्ता असेल, वीज टिकत असेल, हाताखाली शिकलेला मुलगा मिळत असेल, तर कारखाना वाढतो. त्यात कर फार चढा असेल तर तो नक्की आड येतो. पण रस्ता, वीज आणि त्या मुलाची आयटीआय यांतलं बरंचसं कराच्याच पैशातून येतं.

मुद्रांक शुल्काचा पैसा कुठे जातो, हेही पक्षकार मला कधी विचारत नाहीत. वस्तू आणि सेवा कर, विक्रीकर यांच्यानंतर राज्याच्या स्वतःच्या कर-उत्पन्नात याचाच मोठा वाटा आहे. शिवाय ग्रामीण भागात खरेदीवर जो एक टक्का अधिभार लागतो, तो जिल्हा परिषदेकडे आणि ग्रामपंचायतीकडे जातो. पुण्याच्या भोवतालची जी गावं मी गेल्या वीस वर्षांत प्लॉटिंगने भरताना पाहिली, तिथल्या ग्रामपंचायतींच्या हातात येणारा हा खात्रीचा पैसा. गटार, पथदिवे, पाण्याची टाकी, अंगणवाडीचं छप्पर. कोणी मोठ्या व्यासपीठावरून दोन टक्के, तीन टक्के असे आकडे बोलतं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्या टाक्या येतात.

काही कपाती मात्र उत्पन्नाचा विचार न करता द्यायलाच हव्यात, असं माझं ठाम मत आहे. आई-वडिलांनी राहतं घर मुलांना बक्षीस दिलं तर नाममात्र 200 रुपये मुद्रांक शुल्क ही आपल्याकडची सवलत अशीच आहे. तिजोरीला त्यातून फारसं काही मिळत नाही. पण कितीतरी घरांतली भांडणं सुरू व्हायच्या आधीच मिटतात, हे मी रोज बघते. 1 एप्रिल 2021 पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर एक टक्का सूट मिळू लागली. सुरुवातीला त्यात पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती 2023 मध्ये काढली. त्या सवलतीमुळे सातबाऱ्यावर किंवा नोंदणीच्या इंडेक्स टू उताऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव पाहिलेल्या बायका माझ्या टेबलासमोर बसल्या आहेत. त्यांच्या तोंडावरचा आनंद पाहिल्यावर त्या एका टक्क्याचा हिशेब मांडावासा वाटत नाही. सरकारने तो खर्च म्हणूनच करावा, आनंदाने करावा, आणि खर्च म्हणूनच सांगावा.

या बाबतीत 2025 मधल्या दोन घोषणांत एक गोष्ट मला आवडली. 1 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही असं जाहीर झालं, तेव्हा सुमारे 1 लाख कोटींचा प्रत्यक्ष कर सोडावा लागेल हेही भाषणातच सांगितलं गेलं. 22 सप्टेंबरपासून बहुतेक वस्तूंसाठी वस्तू आणि सेवा करातले 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले, तेव्हाही सुमारे 48 हजार कोटींचा अंदाज सरकारने समोर ठेवला. आकडा सांगितला म्हणजे पुढच्या वर्षी तो पडताळता येतो. या कपाती स्वतःचा खर्च स्वतः भरून काढतील अशी चर्चा मात्र लगेच सुरू झाली. 30 टक्क्यांचा हिशेब मघाशी आपण मांडलाच आहे. बाजारात खप वाढेल, त्यातून थोडा कर परत येईल. सगळा येणार नाही.

हडपसरच्या त्या बाई 2023 मध्ये बहिणीचं हक्कसोडपत्र करायला माझ्याकडे आल्या होत्या. हातात पाटल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तेव्हा विचारलं होतं ना, सरकारला परवडतं कसं? परवडलं नव्हतं. ते 1 लाख 80 हजार आपण सगळ्यांनी मिळून तुम्हाला दिले, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या गावच्या ग्रामसभेत जमाखर्च वाचला जातो. त्यात 'मुद्रांक शुल्क अनुदान' अशी एक ओळ असते. 2019-20, 2020-21 आणि 2021-22 या तिन्ही वर्षांची ती ओळ मागून घ्या, शेजारी शेजारी लिहा, आणि त्या त्या वर्षी गावातलं कोणतं काम झालं, कोणतं राहिलं, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा.